चूल दोघींची, कागद कोणाचा?

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावर दोन बहिणी राहतात, असे समजू. आईवडील गेलेले. लग्न दोघींचेही झालेले नाही. भाऊ कल्याणच्या बाजूला कामाला गेला तो तिकडचाच झाला. पावसाळ्यात दोघी लावणीला जातात, दिवाळीनंतर मिळेल ते काम धरतात. घर कुडाचे, चूल एक, रेशनकार्ड एक. घरकुलाच्या ‘ड यादी’त नाव लागते ते थोरलीचे. हप्ते तिच्या खात्यात येतात, जोते झाले, भिंती आल्या, छप्पर पडले की प्रत्येक टप्प्याच्या फोटोत तीच उभी राहते आणि घर पुरे झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर तिचेच नाव चढते. विटा दोघींनी उचलल्या, पाणी दोघींनी वाहिले, कमी पडलेले पैसे धाकटीने उसने आणले. कागदावर धाकटी कुठेच नाही.

शेजारच्या विवाहित जोडप्यावर ही वेळ येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांत घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर करावे, किंवा राज्याने ठरवल्यास फक्त स्त्रीच्या नावे करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याला अपवाद ठेवला आहे तो विधवा, अविवाहित आणि विभक्त राहणाऱ्यांचा. त्यांना एकट्याच्या नावे घर मिळते. म्हणजे अविवाहित माणसाला दार बंद नाही. पण नियमाने त्याची कल्पना केली आहे ती एकटा जीव म्हणून. लग्न न केलेली दोन माणसे मिळून एक घर चालवतात, याची नोंद घ्यायला त्या नियमात जागा नाही.

शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात अशी घरे शोधावी लागत नाहीत. लग्न न केलेली बहीण आणि तिचा अपंग भाऊ. आत्या आणि तिने वाढवलेली भाची. लग्नाचा खर्च जमला नाही म्हणून विधीविना नांदणारे, दोन मुले झालेले जोडपे. यांतल्या प्रत्येक घरात दोन माणसांचा घाम आहे. सरकारी मदतीने उभ्या राहणाऱ्या घरावर त्या दोघांचीही नावे लागली पाहिजेत, त्यांचे लग्न झालेले असो वा नसो. या लेखाचे सांगणे एवढेच आहे, आणि ते कसे शक्य आहे हे पुढे मांडायचे आहे.

मोजताना चूल, लिहिताना लग्न

गरीब कोण हे ठरवताना सरकार लग्न विचारत नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेवर ग्रामीण घरकुलाची मूळ यादी बेतलेली होती. त्या गणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. घरात १६ ते ५९ वयाचा कर्ता पुरुष नाही, घर एका खोलीचे आणि कच्चे आहे, भूमिहीन मजुरीवर गुजराण आहे, असे वंचिततेचे निकष लावले गेले ते या चुलीला. आपल्या दोन बहिणी गणनेत एक कुटुंब म्हणूनच मोजल्या जातात.

रेशनकार्डाचेही तसेच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. ती विवाहित आहे की नाही, हे तो कायदा पाहत नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने रक्त, विवाह किंवा दत्तक या नात्याने जोडलेली, एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी माणसे म्हणजे कुटुंब, असे म्हटले. बहिणी त्यातही बसतात. विधीविना नांदणारे जोडपे मात्र अक्षरशः वाचले तर तिथे अडते.

घर किंवा जमीन नावावर करायची वेळ आली की निकष बदलतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचा दावा दोघांच्या संयुक्त नावे नोंदवायचा आणि घराचा प्रमुख एकल व्यक्ती असेल तर त्या एकाच्या नावे. विवाहितेचे नाव पट्ट्यावर आणणारी ही तरतूद मोलाची आहे. पण जंगलातला तोच तुकडा दोन अविवाहित बहिणींनी वर्षानुवर्षे कसला असेल, तर पट्ट्यावर प्रमुख म्हणून एकीचेच नाव लागते.

पती-पत्नीचे संयुक्त नावही आयते मिळालेले नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम उभी केली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. पुढे सात-बाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याचा मार्ग शासनाने मोकळा केला. १९९४ मध्ये महाराष्ट्राचे पहिले महिला धोरण आले. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या दप्तरात घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याची सूचना निघाली. या प्रत्येक पायरीमागे एकच विचार होता : जी घर चालवते, तिचे नाव घरावर हवे. तो विचार बायकोपाशी थांबला. बहिणीला, आत्याला, न परणलेल्या जोडीदारणीला तो तितकाच लागू पडतो.

लग्नाची किंमत मोजलेला मुलूख

ठाणे जिल्ह्यात घराचा हक्क लग्नावर टांगणे अधिक बोचते, याला इतिहास आहे. याच जिल्ह्यात लग्नापायी माणसे गुलाम झाली. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. फिटणे कधी होत नसे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे आलेल्या वारल्यांनी आपली कहाणी सांगितली आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध उठाव झाला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच लढ्याचे आहे. टिटवाळा शहापूरजवळच्या आसनगावच्याच रेल्वेमार्गावर आहे. शहापूर-मुरबाडला हा इतिहास परका नाही.

१९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. तरी पुढे १९८० च्या दशकात श्रमजीवी संघटनेला जिल्ह्यात वेठबिगार शोधून सोडवावे लागले. सामाजिक-आर्थिक गणनेत मुक्त वेठबिगारांना आणि कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना थेट यादीत घेण्याचा निकष आला, त्यामागे या वेदनेची कबुली आहे.

आजही कातकरी, ठाकर, वारली या समाजांत लग्नाचा विधी मागे राहिलेली जोडपी आहेत. दोघे एकत्र राहू लागतात, समाज त्यांना नवरा-बायको मानतो, मुले होतात. हळद, मांडव, जेवणावळ यांचा खर्च जमेल तेव्हा लग्न लागते. ठाणे-पालघरच्या सामुदायिक विवाह सोहळ्यांत आपल्याच मुलांना घेऊन बोहल्यावर चढलेली जोडपी दिसतात ती यामुळे. त्यांच्या समाजाच्या नजरेत यात काही गैर नाही. कायद्यानेही आदिवासींची रीत वेगळी धरलेली आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा, दोन्ही अनुसूचित जमातींना केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाहीत. म्हणजे त्यांचा विवाह आणि वारसा त्यांच्या रूढीनेच पाहायचा.

दिवाळीनंतर हीच जोडपी भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीमालक बयाणा देतो तो जोडीला. विटा मोजल्या जातात त्या जोडीच्या. लग्नाचा दाखला तिथे कोणी मागत नाही. दोघांचे श्रम एकत्र विकत घेताना जी जोडी बाजाराला मान्य आहे, ती घरावर नाव लावताना अमान्य होते. या अन्यायाला उत्तर दिले पाहिजे.

कातकऱ्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला पीएम-जनमन सुरू झाली. तिच्यात घराला २ लाख रुपये मिळतात. साध्या ग्रामीण आवास योजनेत केंद्राचा आकडा सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगरी-दुर्गम भागात १ लाख ३० हजार असा आहे. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर घालण्याचे ठरवले. आदिवासी विकास विभागाची शबरी घरकुल योजना वेगळी आणि तिच्यात विधवा, परित्यक्ता, निराधार यांना प्राधान्य आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयच आहे. पैसा येतो आहे, घरे उठत आहेत. म्हणूनच नावाचा प्रश्न आत्ता सोडवायला हवा. एकदा कागद झाला की तो बदलणे फार महाग पडते.

घाटाखाली, शहराच्या वाटेवर

पाड्यावरची तरुण मुले-मुली आता आसनगाव-वासिंदच्या कारखान्यांत, गोदामांत जातात, लोकल धरून कल्याण-ठाण्यापर्यंत पोचतात. त्यांना गावच्या घरकुलापेक्षा तिकडे एक खोली हवी असते. तिथे नियम काय आहेत?

प्रथम एक गोष्ट ठाम समजून घ्यावी. दोन अविवाहित माणसांनी मिळून घर विकत घ्यायला या देशात कोणतीही बंदी नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा खरेदीदारांचे नाते विचारत नाही. त्याच्या कलम ४५ नुसार दोघांनी मिळून मालमत्ता घेतली, तर ज्याने जितका पैसा घातला त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावा नसेल, तर दोघांचे हिस्से समान धरले जातात. म्हणून खरेदीखतातच हिस्सा टक्क्यांत लिहून घ्यावा आणि पैसे आपापल्या बँक खात्यातून द्यावेत. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील, तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात महाराष्ट्रात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. घर घेणाऱ्या दोन बहिणींनी किंवा मैत्रिणींनी ती जरूर मागावी.

अनुदान आले की गाडी अडते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी अंगात लाभार्थी कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. व्याज अनुदानाच्या पहिल्या योजनेत २०१७ मध्ये एक चांगली दुरुस्ती झाली होती. कमावत्या सज्ञान व्यक्तीला, विवाहित असो वा नसो, तिच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसल्यास स्वतंत्र कुटुंब मानायचे. अविवाहितांसाठी ती मोठी वाट होती. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात ३ लाख, ६ लाख आणि ९ लाख असे वार्षिक उत्पन्नाचे तीन गट आहेत. व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांपर्यंत मिळते आणि एकल स्त्रिया, विधवा, अपंग, तृतीयपंथी यांना प्राधान्य आहे. एकल स्त्री योजनेला दिसते, हे चांगले झाले. पण दोन एकल स्त्रिया मिळून एक घर घेतात तेव्हा त्यांचे उत्पन्न, त्यांची पात्रता आणि त्यांचे अनुदान कसे मोजायचे, याचे सरळ उत्तर देणारा रकाना हवा. तो नसला की सगळे खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर जाते.

म्हाडाच्या कोकण मंडळाची घरे या भागाला सर्वांत जवळची. कल्याण परिसरातल्या शिरढोण, खोणीच्या सोडती इथल्या तरुणांच्या कानावर असतात. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचा अत्यल्प गट आहे. १८ वर्षे पूर्ण झालेला अविवाहित माणूस स्वतःच्या उत्पन्नावर अर्ज करू शकतो. अर्जदार विवाहित असेल तर जोडीदाराचे उत्पन्नही धरले जाते. साचा एकट्याचा किंवा पती-पत्नीचा. कारखान्यात महिना बारा-पंधरा हजार मिळवणाऱ्या बहीण-भावाने एकेकट्याने अर्ज केला, तर एकाच्या पगारावर कर्जाचा हप्ता झेपत नाही. दोघांचे मिळून झेपेल, पण मिळून अर्ज करायला जागा नाही.

बँकांचीही एक सवय आहे. पती-पत्नी, बाप-लेक, भाऊ-भाऊ एकत्र कर्जाला आले की त्यांना अडचण वाटत नाही. दोन बहिणी, मैत्रिणी किंवा लग्न न केलेले जोडपे आले की कागद वाढतात, शंका वाढतात. कायद्यात बंदी नसलेली गोष्ट व्यवहारात अशी बंद होते.

नाव नसल्याने काय बिघडते?

दोघींचे जोवर बरे चालले आहे, तोवर नाव कुणाचे याने काही बिघडत नाही. बिघडते ते भांडणात, आजारपणात आणि मृत्यूनंतर.

समजा थोरली वारली. घर कुणबी किंवा आगरी कुटुंबातले असेल, तर हिंदू वारसा कायदा लागतो. निपुत्रिक अविवाहित स्त्रीची मालमत्ता आधी आईवडिलांकडे जाते. ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे भावा-बहिणींकडे. ज्या घरात धाकटीने जन्म घालवला, त्यात तिला निम्मा वाटा आणि तिथे कधी न राहिलेल्या भावाला निम्मा. दोघी बहिणी नसून मैत्रिणी असत्या, किंवा जोडपे विधीविना नांदणारे असते, तर मागे राहिलेल्याचा वाटा शून्यही ठरू शकतो. लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचे संरक्षण दिले आहे. दीर्घ सहवासावरून विवाहाचे अनुमान काढता येते, हेही न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पण ते सिद्ध करायला वकील लागतो, तारखा लागतात, शहापूरच्या फेऱ्या लागतात. हातात कागद असलेल्याला यातले काहीच करावे लागत नाही.

अविवाहित मुलीकडे कायदा किती काळ कसा पाहत आला, याचा एक दाखला देतो. हिंदू वारसा कायद्याचे कलम २३ सांगत असे की, वडिलोपार्जित राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी केल्याशिवाय मुलीला मागता येणार नाही आणि त्या घरात राहण्याचा हक्क अविवाहित, टाकलेल्या, विभक्त किंवा विधवा मुलीलाच असेल. लग्न न झालेल्या मुलीला आसरा होता, वाटणी मागायचा अधिकार नव्हता. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायाद झाली. आदिवासी स्त्रियांसाठी महत्त्वाचा निकाल आला तो जुलै २०२५ मध्ये. छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रीच्या वारसांना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. तिला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ स्त्री म्हणून तिला डावलता येणार नाही, हा त्याचा गाभा.

मग थोरलीने हयातीतच धाकटीला निम्मे घर देऊन टाकावे, असे कोणी म्हणेल. बक्षीसपत्र करता येते. पण मुद्रांक शुल्काचा तक्ताही नाती पाहतो. राहते घर नवरा, बायको, मुले किंवा नातवंडांना दिले तर शुल्क नाममात्र २०० रुपये. बहिणीला किंवा भावाला दिले तर किमतीच्या तीन टक्के. मैत्रिणीला किंवा लग्न न केलेल्या जोडीदाराला दिले तर खरेदीखताचे पूर्ण शुल्क. ज्यांच्याकडे सर्वांत कमी, त्यांना सर्वांत महाग.

आणि आता या मुलखात जागेला भाव आला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाड-शहापूरच्या रस्त्यांवर सेकंड होमच्या पाट्या दिसतात. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातली, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच तालुक्यातले. इथला माणूस सतत दुसऱ्याच्या सोयीसाठी सरकत आला आहे. जागेची किंमत वाढते तेव्हा घरातून आधी बाहेर पडतो तो ज्याचे नाव कुठेच नाही तो.

इतरांनी काय केले?

अविवाहितांच्या सामाईक घराचा विचार सिंगापूरने धोरणात बसवला आहे. तिथली बहुसंख्य जनता सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहते. ते मंडळ १९६० चे. सुरुवातीची धोरणे विवाहित कुटुंबाभोवतीच आखलेली होती. पुढे वाट रुंदावत गेली. आज ३५ वर्षे पूर्ण झालेले दोन ते चार अविवाहित नागरिक मिळून, संयुक्त मालक म्हणून, मंडळाचे घर घेऊ शकतात. आईवडील गमावलेल्यांना तर २१ व्या वर्षीच अविवाहित भावंडांसह घर घेता येते. म्हणजे डोळखांबच्या आपल्या दोन बहिणी सिंगापूरच्या नियमात अगदी नेमक्या बसल्या असत्या. त्या धोरणात उणिवाही आहेत. पस्तिशीची अट म्हणजे तरुणपणाची वर्षे भाड्याने काढणे. ती अट उचलायची गरज नाही. उचलायचा तो संयुक्त मालकीचा रकाना.

आपल्याकडेही याचे पूर्वसंस्कार आहेत. मुंबईच्या गिरणगावात गावकऱ्यांच्या खोल्या असत. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाने चाळीत खोली घ्यायची आणि गावचे कामकरी पुरुष तिथे मिळून राहायचे. खर्च वाटून, वळकट्या भिंतीला लावून पिढ्या तिथे राहिल्या. पण खोलीच्या भाडेपावतीवर एकाचेच नाव असे. चाळींचा पुनर्विकास आला तेव्हा ते एक नाव आणि बाकीचे गाव यांच्यात वाद उभे राहिले. एकत्र राहणे आपल्याला येत होते, ते कागदावर उतरवायचे राहून गेले.

देशातले वारेही बदलते आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दीपिका सिंग यांच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कुटुंब म्हणजे फक्त आई, वडील आणि मुले हे गृहीतक अपुरे आहे. अविवाहितांचे सहजीवनही कुटुंब असू शकते आणि त्यालाही कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे. २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले मानावे, असे राज्यांना कळवले. धान्यासाठी जे एक घर आहे, ते घरासाठी एक घर का नसावे?

शहापूरच्या वर सह्याद्री ओलांडला की अकोले तालुका लागतो. तिथल्या हेरंब कुलकर्णींनी करोनानंतर एकल महिलांच्या पुनर्वसनाचे काम राज्यभर उभे केले. मराठवाड्यात एकल महिला संघटना काम करते आहे. २०११ च्या जनगणनेत देशात विधवा, घटस्फोटित, विभक्त आणि अविवाहित मिळून एकल स्त्रिया ७ कोटींहून अधिक होत्या. इतक्या मोठ्या समूहाला धोरणाने कायम अपवादाच्या ओळीत ठेवू नये.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप दुहेरी लाभाचा. दोघांची नावे लागली तर पुढे दोघेही स्वतंत्र घर मागतील. उत्तर सोपे आहे. संयुक्त नाव लागले की दोघांच्याही आधारवर लाभ नोंदवावा, दुसरे घर नाही. यात धाकटीचा तोटाही होऊ शकतो, हे तिला आधी समजावून सांगायला हवे. उद्या तिचे लग्न झाले, तर पक्क्या घराची सहमालक म्हणून ती नव्या घरकुलाला अपात्र ठरेल. म्हणून बाहेर पडायची वाट हवी. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा थोरलीला दिला, तर तिची पात्रता पुन्हा जागी व्हावी.

दुसरा आक्षेप खोट्या जोड्यांचा. कुणीही दोघे आम्ही एकत्र राहतो म्हणतील. पण खोटी विभक्त कुटुंबे यादीत घुसवण्याचे प्रकार आजही होतात. निदान तीन वर्षे एका रेशनकार्डावर किंवा एका घरात वास्तव्य आणि ग्रामसभेची साक्ष, ही अट लग्नाच्या दाखल्याहून अधिक खात्रीची आहे. पाड्यावर कोण कोणाबरोबर राहते, हे लपत नाही.

तिसरा आक्षेप गंभीर आहे. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या हाती जाण्याचा हा चोरदरवाजा होईल का? होऊ देता कामा नये. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ ची परवानगीची अट जशी आहे तशी राहिली पाहिजे. सहमालक बिगरआदिवासी असेल तर त्याला जागेत हिस्सा न देता, हयातीपुरता राहण्याचा हक्क नोंदवता येईल.

ग्रामसभा काय करू शकते?

धोरण दिल्लीत आणि मुंबईत बदलायचे आहे. पण शहापूर-मुरबाडच्या हातात एक साधन आजच आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातली ७७ गावे पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या कलम ४ ने ग्रामसभेला दोन अधिकार दिले. आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी ठरवण्याचा. कोणते जोडपे समाजाच्या रीतीने नवरा-बायको आहे हे ग्रामसभा सांगू शकते, आणि कोणती दोन माणसे एका चुलीवर जगतात हेही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी तर एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मिळवण्याचा मार्ग दिला आहे.

अशा ग्रामसभेने ठराव करावा. विधीविना नांदणाऱ्या आदिवासी जोडप्याला रूढीने विवाहित मानून घरकुल संयुक्त नावे मंजूर करण्याची शिफारस त्यात असावी. अविवाहित बहिणी, भावंडे, आत्या-भाची यांच्या बाबतीत मंजुरी एकाच्या नावे आली, तरी त्या घरात दुसऱ्या व्यक्तीचे वास्तव्य आणि श्रम-पैशाचा वाटा ठरावात नावासह लिहावा. नमुना ८ हा करआकारणीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही उद्या वाद झाला तर ग्रामसभेचा ठराव आणि ती नोंद धाकटीच्या बाजूने उभी राहील.

घरातल्यांनीही करून ठेवायच्या दोन गोष्टी आहेत. एक, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा पुरतो. तरी नोंदणी केलेली बरी. नुसते बँकेत नॉमिनी लावून भागत नाही, कारण नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या शेअर्सच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. दोन, घरबांधणीत घातलेल्या पैशाचा पुरावा. सिमेंट-पत्र्याची पावती ज्याने पैसे दिले त्याच्या नावे घ्यावी, रक्कम खात्यातून द्यावी.

राज्य सरकारकडे मागायच्या गोष्टी तीन आहेत. घरकुलाच्या, शबरीच्या आणि म्हाडाच्या अर्जात पती-पत्नीशिवाय ‘सहनिवासी सहमालक’ असा रकाना द्या. घरकुलाच्या घरात सहनिवाशाला हिस्सा देताना नवरा-बायकोसारखेच २०० रुपये मुद्रांक शुल्क लावा. आणि ज्यांच्याकडे जागाच नाही अशा पाड्यांवर, घरकुलासाठी जागा खरेदीला जे अर्थसाहाय्य मिळते त्याची जागा पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावे घ्या. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मागणीला जादा रुपया लागत नाही. दुसरीत सरकारचे जे बुडेल ते या घरांच्या किमती पाहता नगण्य आहे.

दिवाळीनंतरची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीला असते. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करता येतो. भट्टीवर गेलेली माणसे त्या दिवशी गावात नसतील, म्हणून निघण्यापूर्वीच त्यांनी आपल्या घरात कोण कोण राहते हे लिहून, अंगठे करून, अर्जाला जोडावे. जो समाज लग्नापायी पिढ्यान्‌पिढ्या राबला, त्याला लग्नाचा दाखला नाही म्हणून घराच्या कागदावरून वगळणे महाराष्ट्राला शोभत नाही. डोळखांबच्या एका ग्रामसभेने हा ठराव केला, तर शेजारच्या गावाला दाखवायला एक नमुना तयार होईल, आणि मंत्रालयाला उत्तर द्यावे लागेल.